हिरण्यकेशीकाठचा प्रेक्षक

मराठी रंगभूमीचा इतिहास आजवर ज्यांनी लिहिला, त्यांनी तो बहुधा रंगपटात बसून लिहिला आहे. कोणती मंडळी कोणत्या साली निघाली, तिच्यात कोणकोणते नट होते, मालक आणि भागीदार यांच्यात तेढ कशावरून पडली, अमुक नाटकाचा पहिला प्रयोग कोणत्या शहरी झाला, याची बारीक नोंद त्या ग्रंथांतून सापडते. परंतु ज्या गावांनी नाटकाला पोसले, घोंगड्यावर बसून पहाटेपर्यंत जी गावे नाटके ऐकत राहिली आणि पुढे वर्षभर ज्यांच्या मोटांवर त्यांतली पदे वाजत राहिली, त्या गावांचा उल्लेख आलाच तर मुक्कामाचे ठिकाण म्हणून एका ओळीत येतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, हिरण्यकेशी नदीच्या काठी वसलेले गडहिंग्लज हे अशा गावांपैकी एक. सांगलीकर, इचलकरंजीकर, कोल्हापूरकर अशी आपापल्या गावांची नावे मिरवीत नाटक मंडळ्या निघाल्या, त्या मालिकेत गडहिंग्लजचे नाव गाजले नाही. या गावाची ख्याती गुळाची आणि मिरचीची. अलीकडच्या काळात फुटबॉलची. तथापि नाटक कोणी केले या प्रश्नाच्या जोडीला ते कोणी पाहिले आणि पाहणाऱ्याचे त्याने काय केले हा प्रश्न ज्यास पडतो, त्याने या पेठेत क्षणभर थांबावे, असे मला वाटते.

थांबण्याचे पहिले कारण भूगोलाचे आहे. गडहिंग्लजहून पूर्वेकडे चार-पाच कोसांवर संकेश्वर, म्हणजे कानडी मुलखाचा उंबरठा. पश्चिमेकडे आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, म्हणजे दशावताराचे माहेर. उत्तरेकडे कोल्हापूर, जेथे संगीत नाटकाला राजाश्रय मिळाला. आणि दक्षिणेकडे बेळगाव, ज्या जिल्ह्यात संगीत नाटकाचा जनक जन्मला. बैलगाड्यांच्या काळी कोकणातले मीठ आणि नारळ या रस्त्याने वर चढत आणि घाटावरचे धान्य, गूळ व मिरची खाली उतरत. मालाच्या गाड्या जेथे सुटतात आणि बैल जेथे दावणीला बांधले जातात, तेथे रात्रीच्या करमणुकीची गरज आपोआप उत्पन्न होते. व्यापारी पेठ आणि खेळाचा फड यांचे हे नाते फार जुने आहे.

मराठी नाटकाच्या जन्माची कथा सर्वश्रुत आहे, पण सीमेवरच्या गावातून पाहिली म्हणजे ती थोडी निराळी दिसते. उत्तर कानड्यातील कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ १८४२ मध्ये सांगलीस झाले. ते पाहून श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांस तसाच खेळ मराठीत रचण्याची आज्ञा केली आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले. म्हणजे मराठी नाटकाची प्रेरणा कानडी मुलखातून आली, आणि हा प्रवास येथेच थांबला नाही. भाव्यांच्या मागोमाग निघालेल्या मराठी मंडळ्या पुढील तीस वर्षांत धारवाड, हुबळी, गदग अशा शहरांतून इतक्या लोकप्रिय झाल्या की, आपल्या लोकांनी परभाषेतली नाटके पाहावी या गोष्टीचे शल्य वाटून गदगचे शिक्षक सक्करी बाळाचार्य ऊर्फ शांतकवी यांनी १८७४ च्या सुमारास कानडी नाटके लिहून मंडळी उभी केली. कानडीने मराठीस दिले, मराठीने कानडीस डिवचून जागे केले. पुढे १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' करून संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या पदांतल्या कित्येक चाली कानडी. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी गुरूचे पाय प्रथम धरले ते बेळगावच्या शाळेत. आणि केशवराव भोसल्यांनी १९०८ साली ललितकलादर्श ही मंडळी काढली ती पुण्यास अथवा मुंबईस नव्हे, हुबळीस. या देवघेवीचा हिशेब कोण्या एका भाषेच्या खाती जमा करू पाहणाऱ्याची वही कधीच जुळणार नाही. गडहिंग्लजचा प्रेक्षक मात्र या सर्व घडामोडींच्या मध्यावर बसलेला होता आणि त्याला हिशेबाची निकड नव्हती.

(एक योगायोग जाता जाता नोंदवितो. 'सीतास्वयंवरा'च्या दुसऱ्याच वर्षी, १८४४ मध्ये, गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर गडकऱ्यांनी बंड केले. कारण इतकेच की पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या हातात असलेल्या जमिनी नव्या कारभाराने मामलेदाराच्या अखत्यारीत घातल्या. बंड मोडले आणि कोल्हापूर संस्थानचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला. सांगलीच्या दरबारात राक्षसांची सोंगे नाचत असताना येथे खऱ्या तोफा वाजत होत्या. शाळेच्या पुस्तकात या दोन घटना कधी एका पानावर येत नाहीत.)

नाटक येण्यापूर्वी या मुलखात खेळ नव्हते असे नाही. घाटाखालून दशावतार, घाटावरून सोंगी भजन आणि भारूड, पूर्वेकडून श्रीकृष्णपारिजात, आणि या सर्वांहून जुने म्हणावे असे चौंडके. सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगती आणि जोगतिणी देवीचा जग डोक्यावर घेऊन दारोदार फिरत, चौंडक्याच्या तालावर गाणी म्हणत आणि पुरुषाने स्त्रीवेष धारण करण्यात जे नाट्य असते ते रस्त्यावर, दिवसाउजेडी, धर्माच्या नावाने करून दाखवीत. बालगंधर्वांच्या शालूला महाराष्ट्राने माना डोलावल्या, त्याच काळात इकडे जोगत्याच्या लुगड्याला लोक नमस्कार करीत होते. पण येथे कौतुकाला आवर घालावा लागतो. कारण या प्रथेच्या पोटात मुलींच्या आयुष्याची जी होळी होत होती, ती पाहूनच शाहू महाराजांनी १९२० साली आपल्या संस्थानात जोगत्या-मुरळीच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. कायद्याने प्रथा तत्काळ मेली नाही. गडहिंग्लज तालुक्यातल्याच करंबळीचे राजन गवस यांनी १९८५ मध्ये 'चौंडकं' ही कादंबरी लिहिली, तेव्हा ती इतिहास म्हणून लिहिण्याची पाळी अद्याप आली नव्हती.

आता रेल्वेविषयी. मिरजेहून कोल्हापूरपर्यंत आगगाडी १८९१ साली आली. बेळगाव, धारवाड, हुबळी ही शहरे त्याच सुमारास लोहमार्गाने पुण्याशी जोडली गेली. संगीत नाटकाच्या मोठ्या मंडळ्या म्हणजे फिरती संस्थानेच होत: पडदे, पेट्या, मखमली पोशाख, ऑर्गन, आचारी आणि पन्नास-पाऊणशे माणसे. हा लवाजमा रेल्वेने जाई आणि रेल्वे जाईल तेथेच थांबे. गडहिंग्लजला रेल्वे आली नाही, आजही नाही. ज्याला मोठे नाटक पाहावयाचे असेल त्याने बैलगाडी जुंपून, शिदोरी बांधून, दीडदोन दिवसांची वाट काढीत कोल्हापूर अथवा बेळगाव गाठावे, असा प्रकार होता. आणि माणसाने ज्या गोष्टीसाठी गाडी जुंपली ती गोष्ट तो सहजासहजी विसरत नाही.

कोल्हापुरास गेलेल्या या प्रेक्षकापुढे शाहू महाराजांनी जे उभे केले ते त्या काळच्या संस्थानी मुलखात असामान्य होते. १९०२ साली महाराज विलायतेस गेले, युरोपातील रंगमंडले त्यांनी पाहिली, आणि परत आल्यावर एका आवारात लागूनलागून दोन वास्तू घडल्या: १९१२ साली पुरे झालेले खासबागेचे कुस्तीचे मैदान आणि १९१५ साली खुले झालेले पॅलेस थिएटर. मल्ल आणि नट यांना एका भिंतीचे शेजारी करण्यात महाराजांची रसिकता तर दिसतेच. पण कोल्हापूरची भाषाही दिसते. या भागात तालीम म्हणजे मल्लांचा आखाडा आणि तालीम म्हणजेच नाटकाचा सराव. शब्द एकच, आणि पुष्कळदा जागाही एकच. लाल मातीत अंग घासणारा तरुण रात्री त्याच इमारतीच्या माळ्यावर 'महाराज, मुजरा' म्हणण्याचा अभ्यास करीत असे. या एका शब्दामुळे नट ही हलकी जात आहे ही समजूत या जिल्ह्यात लवकर सैल झाली असावी, असे मी मानतो. शाळकरी वयात 'शारदे'ची भूमिका गाजविणारे केशवराव भोसले याच शहरातले. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर त्यांनी मुंबईत 'संयुक्त मानापमान' केला आणि तीन महिन्यांच्या आतच, ऐन एकतिसाव्या वर्षी, ते गेले. १९५७ साली पॅलेस थिएटरला त्यांचे नाव देण्यात आले. खेड्यातली जुनी माणसे मात्र पुढेही कितीतरी वर्षे 'प्यालेस'च म्हणत.

येथवर झाला तो मोठ्या नाटकाचा वृत्तांत. परंतु गडहिंग्लजच्या मुलखात नाटकाचे खरे ठाणे थिएटरात नसून यात्रेत आहे. सुगी आटोपली, गुऱ्हाळे थंडावू लागली की माघापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या यात्रा लागतात. खुद्द गडहिंग्लजची काळभैरवाची यात्रा माघातली. यात्रेला नाटक हवेच, अशी या पट्ट्यातली वहिवाट. ती कोणी घातली हे विचारणे म्हणजे नैवेद्याला पुरणपोळी कोणी ठरविली हे विचारण्यासारखे आहे. दिवाळी होताच नाटकाची निवड होई. औंधकरांचे 'बेबंदशाही' यासारखी ऐतिहासिक नाटके फार प्रिय. आणि ज्या तालुक्यातल्या नेसरीच्या खिंडीत १६७४ साली प्रतापराव गुजर पडले, तेथल्या प्रेक्षकाला ऐतिहासिक नाटक म्हणजे परक्याची गोष्ट वाटण्याचे कारण नव्हते. मग पेटीमास्तर ठरे. वर्गणीची यादी होई. देवळात, शाळेत किंवा तालमीत कंदिलाच्या उजेडात सराव सुरू होई, आणि दिवसा नांगर धरणारा मनुष्य रात्री औरंगजेब होऊन खोकत असे, कारण औरंगजेब म्हातारा होता एवढे त्याला पक्के ठाऊक असे.

या तालमींत जे घडे, त्याचे महत्त्व इतिहासकारांनी ओळखले नाही, असा माझा आक्षेप आहे. तालुक्याच्या पूर्वेकडील अनेक गावांतून घरची भाषा कानडी. पश्चिमेकडील गावांतून घरची भाषा मराठी, पण ती गडहिंग्लजी वळणाची, जिचे क्रियापद पुण्याच्या व्याकरणात बसत नाही. नाटकाची मराठी यांपैकी कोणाचीच नव्हती. ती छापील, दीर्घ समासांची, कोण्या शहरी ग्रंथकाराची भाषा. कानडी बोलणाऱ्यास ती पाठ करावी लागे, तशीच मराठी बोलणाऱ्यासही. ळ आणि ण कोणी कोठे उच्चारावा याविषयी पेटीमास्तरांचे टोले दोघांच्याही पाठीवर सारखेच बसत. त्यामुळे जी भाषा एरवी एकाची मिरास आणि दुसऱ्याचा अडसर ठरली असती, ती येथे दोघांचीही कमाई झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना होऊन संकेश्वर, निपाणी, बेळगाव म्हैसूर राज्यात गेली आणि गडहिंग्लज इकडे राहिले. पूर्वी संस्थानी आणि इंग्रजी अंमलामध्ये जी एक ढिली हद्द होती, ती आता भाषेची कडक सीमा झाली आणि तिच्यावरून रक्तही सांडले. अशा काळातही कानडी घरातल्या तरुणाने डोक्याला जिरेटोप बांधून शिवछत्रपतींचे भाषण एका दमात म्हणावे, यात कोणास नवल वाटले नाही. ज्याने तीन महिने घसा फोडून ते पाठ केले त्याला त्याच्या जन्मभाषेचा दाखला मागणार कोण?

प्रयोगाच्या दिवशीचा थाट निराळाच. प्रारंभीच्या पिढ्यांत स्त्रियांची कामे गावातली गोरी, मिसरूड न फुटलेली मुले करीत. पुढे कोल्हापूर, बेळगाव अशा शहरांतून स्त्री-कलावंत बिदागी ठरवून आणण्याची प्रथा पडली. ती बाई दुपारच्या गाडीने उतरे, सायंकाळी एकदा पुस्तकावरून नजर फिरवी आणि रात्री अशा आत्मविश्वासाने उभी राही की तीन महिने तालीम केलेला नायक तिच्यापुढे ततपप करी. या स्त्रियांनी एका यात्राकाळात किती गावे, किती राण्या आणि किती सासुरवासिनी वठविल्या असतील याची गणती कोठे नाही. त्यांच्याविषयी एखादा ग्रंथ व्हावयास हवा होता; नटवर्यांच्या चरित्रांची कपाटे भरली, पण या बायांना रंगभूमीच्या इतिहासाने साधे पानही दिले नाही. पडदे भाड्याने येत: राजवाडा, रस्ता, अरण्य आणि तुरुंग, या चारांत सारे जग आटपे. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबुराव पेंटर या बंधूंनी १९१० नंतरच्या काळात मोठ्या मंडळ्यांसाठी रंगविलेल्या पडद्यांची जी कीर्ती झाली, तिचीच ही दूरची लेकुरे. पडद्यामागे पुस्तक घेऊन बसलेल्या प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी प्रेक्षकांस ऐकू येई, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नसे.

सर्वांत मोठी गंमत आहेराची. प्रवेश ऐन रंगात आला असता पडद्याआडून एक गृहस्थ चिठ्ठी घेऊन पुढे येई आणि अमुक गावचे अमुक पाहुणे यांजकडून संभाजीचे काम करणाऱ्यास अमुक रुपये व टोपी-टॉवेल, असे पुकारी. संभाजीस साखळदंडांनी जखडलेले असले तरी तो एक हात मोकळा करून आहेर घेई, कपाळाला लावी, आणि पुन्हा जखडून घेई. शहरातून आलेले रसिक यावर हसत. त्यांचा रसभंग होई. माझ्या मते ते चुकीचे ठिकाण पाहत होते. गावाच्या दृष्टीने त्या रात्री दोन नाटके चालू असत, आणि आहेर हे दुसऱ्या नाटकाचे संवाद होते. कोणत्या मेहुण्याने किती दिले, भाऊबंदकीत बोलणे बंद असलेल्या चुलत्याने पुतण्याला आहेर पुकारला की नाही, नवा सोयरा हात सैल सोडतो की आखडतो, हे सारे ध्वनिक्षेपकावरून गावास जाहीर होई. कज्जे मिटल्याची वार्ता चावडीच्या आधी रंगमंचावरून कळे. हे गावाचे दुसरे दप्तर होते, आणि महसुली दप्तरापेक्षा त्यात खोटे कमी असे.

अर्थात या चित्राला केवळ सोनेरी कड लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. नाटक सर्व गावाचे म्हटले तरी बसण्याच्या जागा गावाच्या रचनेप्रमाणेच ठरत. मुख्य भूमिका बहुधा वजनदार घरांतून जात. आणि बायकांनी नाटक पाहिले ते लेकरे मांडीवर घेऊन, एका बाजूला, अर्धे झोपेत. तरीही त्याच बायकांनी 'शारदा' पाहिले तेव्हा काय झाले असेल, याची कल्पना करावीशी वाटते. देवलांचे हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. म्हाताऱ्यास विकल्या जाणाऱ्या मुलीची ती कथा. विवाहाच्या वयाचा शारदा कायदा पुढे १९२९ साली झाला. त्याचे नाव हरविलास सारडा यांच्यावरून पडले असले, तरी मराठी मुलखात पुष्कळांची प्रामाणिक समजूत अशी की तो देवलांच्या शारदेच्याच नावाने झाला. कायदे करणाऱ्यांस हेवा वाटावा अशी ही चूक आहे.

या नाटकवेडास एक वाट मुंबईचीही होती. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या तालुक्यांतून हजारो पुरुष गिरणगावात गेले. तेथे परळच्या दामोदर हॉलमधली कामगारांची नाटके आणि १९५३ नंतर कामगार कल्याण मंडळाने चालविलेल्या स्पर्धा यांचे वारे त्यांना लागले. यात्रेला रजा काढून येणारा गिरणीकामगार नवे पुस्तक, नवी चाल आणि वर्गणीचे पैसे घेऊन येई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तो रीतसर मिटलाच नाही. माणसे गावी परतली, पण वर्गणी आली नाही.

बोलपटाने संगीत नाटकाचा घास घेतला, ही गोष्ट कोल्हापूरकरांनी अगदी जवळून पाहिली, कारण 'अयोध्येचा राजा' १९३२ साली त्यांच्याच शहरात 'प्रभात'ने तयार केला. ललितकलादर्श १९३७ मध्ये बंद पडली. यात्रेतले नाटक मात्र टिकले. ते तिकिटावर चाललेले नव्हते म्हणून टिकले. इतकेच नव्हे, तर शेजारच्या चंदगड तालुक्यात, कोवाडास राहून रणजित देसाई 'स्वामी'बरोबरच 'हे बंध रेशमाचे' यासारखी नाटकेही लिहीत राहिले, आणि आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांचा कर्ण कादंबरीतून रंगमंचावर गेला. या दोघांच्या गद्यातला भारदस्त, स्वगताचा सूर कोठून आला असेल, या प्रश्नाचे उत्तर टीकाकार संस्कृतात शोधतात. मी ते माघातल्या यात्रांत शोधीन.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, त्यांच्या नावाचे ते नाट्यगृह जळाले. छप्पर कोसळले, रंगमंच राहिला नाही. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणाऱ्यांत नट होते, तसे ज्यांनी आयुष्यात एखादेच नाटक तेथे पाहिले असे लोकही होते. पुनर्बांधणीचे काम पुढे हाती घेण्यात आले.

गडहिंग्लजच्या आसपासच्या खेड्यांतून आता बैलगाड्या जोडून रंगमंच उभारावा लागत नाही. देवळासमोर किंवा शाळेच्या आवारात सिमेंटचा पक्का रंगमंच असतो. त्यावर निधी देणाऱ्या पुढाऱ्याचे नाव देवाच्या नावाहून मोठ्या अक्षरांत असते. वर्षातले बहुतेक दिवस त्यावर ग्रामसभा होते, लग्नाच्या पंगती बसतात, आणि पौष-माघात तांबडी मिरची वाळत पडते. यात्रेच्या आदल्या दिवशी ती गोळा करून पोत्यांत भरतात, फरशी दोनदा धुतात, पडदे टांगतात, आणि तरीही पहिल्या अंकात, दरबार भरला असताना, कोणातरी सरदाराला शिंक आवरत नाही.